अकोल्याला जाताना घेतलेलं घड्याळ

नाशिकहून ऑफिसच्या कामासाठी अमरावतीला आले होते, ते दुपारीच आटोपलं. संध्याकाळी अकोल्याला अशोकरावांकडे जायचं होतं. ते पशुवैद्यकीय अधिकारी, विधुर. मीही काही वर्षांपूर्वी नवरा गमावलेली. दोघांची भेट व्हावी, ही खटपट माझ्या मुलीची.

राजकमल चौकात दह्यात आणि चटणीत बुडालेला गिला वडा खाल्ला आणि जवाहर गेटकडे चालत निघाले. वाटेत एका दुकानाच्या काचेत ते दिसलं. पातळ सोनेरी घड्याळ, सायीच्या रंगाची तबकडी, आकड्यांऐवजी बारीक रेघा, काळा चामडी पट्टा. सुटावर घालायचं, पुरुषी. मला घड्याळ घ्यायचंच नव्हतं, तरी आत शिरले.

"चावीचं हाये, म्याडम. जुनं, पण मशीन एकदम ओके," दुकानदार म्हणाला. "साहेबाले घेऊन राहिल्या का?"

मी हो म्हणून मान हलवली. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं. पैसे दिले आणि बाहेर आल्याबरोबर मनगटावर बांधलं.

बसमधून बडनेरा मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटलेला कापूस आणि पिवळ्या फुलांवर आलेली तूर. अकोल्याला उतरले तेव्हा हातातल्या घड्याळात अजून भरपूर वेळ होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात तोंड धुतलं, निवांत चहा घेतला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. माझं केव्हाच बंद पडलं होतं.

दार अशोकरावांच्या बहिणीने, शोभाताईंनी उघडलं. "आमी तं समजलो, तुमी येतच नाई आता."

"घड्याळ बंद पडलं," म्हणत मी हात पुढे केला.

त्यांनी सांभारवडीची (सांभार म्हणजे कोथिंबीर) ताटली ठेवली आणि मनगटाकडे पाहिलं. "हे तं माणसाचं घड्याळ हाये." मग आवाज मऊ झाला. "तुमच्या मिस्टरायचं हाये का?"

हो म्हटलं असतं तर उशीरही माफ झाला असता. समोर बसलेल्या अशोकरावांच्या नजरेत आदर आलाच होता.

"नाही. आज अमरावतीत घेतलं. आवडलं म्हणून. माझ्यासाठी."



"मंग त्यायच्या वस्तू?" अशोकरावांनी विचारलं.

"बहुतेक देऊन टाकल्या. शर्ट भाचा घालतो."

"मी काईच नाई देलं. तिची स्कूटी पोर्चमंदी उभी हाये. कोणाले हात लावू देत नाई मी."

"अशा घरात दुसरी बाई कशी राहीन, सांगा बरं," शोभाताई म्हणाल्या. भावाने मान खाली घातली.

"स्कूटी चालू होते का?" मी विचारलं. "मला परतीची गाडी पकडायची आहे."

अशोकरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. उठून किल्ली शोधली. कितीतरी किका मारल्यावर धूर काढत ती सुरू झाली. शेजारीण गेटपर्यंत आली. शोभाताई डोळे पुसत आत गेल्या. वाटेत पेट्रोल संपलं, तेव्हा आम्ही दोघांनी गाडी ढकलत पंपावर नेली.

स्टेशनवर त्यांनी होकार-नकार काही विचारला नाही. "नाशिकले कवा येऊ?" एवढंच म्हणाले.

"सुट्टी मिळेल तेव्हा या."

घरी मुलीने विचारलं, "कसे आहेत?" मी म्हटलं, गाडी सावकाश चालवतात. ती हसली, मी हसले नाही. एका भेटीत माणूस कितीसा कळणार? पण जिला कोणी हात लावायचा नव्हता ती गाडी त्यांनी माझ्यादेखत रस्त्यावर आणली. पुढचं ठरवायला मला एवढं पुरेसं वाटतं.