साडूंनी काढलेला म्हशींचा मोर्चा

नगरपालिका नगराध्यक्ष चालवतात असं ज्याला वाटतं, त्याला माझे थोरले साडू भेटलेले नाहीत. कोल्हापूर तेच चालवत. म्हणजे त्यांची तशी ठाम समजूत होती. नगरपालिकेला हे कुणी कळवलं नव्हतं, हा भाग वेगळा.

गुळाच्या अडतीतली दिवाणजीगिरी सुटली आणि या माणसाला शहरसुधारणेचं वेड लागलं. सर्वसाधारण सभा असली की हे प्रेक्षकांच्या गॅलरीत हजर. खिशात भडंग, काखेत छत्री. खाली सभासद बोलायला उठला की वरून हे "आवाज न्हाय!" म्हणून ओरडायचे, आणि बिचाऱ्यानं आवाज चढवला की, मुद्द्याचं बोला, म्हणायचे. शिपायानं बाहेर काढलं तर जिन्यात उभं राहून त्या शिपायालाच अर्थसंकल्प समजावून सांगायचे. कुठं रस्ता खणलेला दिसला की कडेला उभे राहून, अजून वीतभर खोल घ्या, असा हुकूम सोडायचे. एकदा कामगारांनी खरंच खोल घेतलं आणि पेठेची पाइप फुटली. त्यावर यांचं म्हणणं, पाइपच उथळ टाकलीय. झाडूवाली यायच्या आत गल्ली स्वतः झाडायचे, गोळा केलेला कचरा आमच्या दाराशी ठेवायचे आणि चहाला आत यायचे. "पावणं, नागरिकानं पुढं व्हायला पायजे," असं मला सुनवायचे. कचरा उचलायला अर्थातच मी पुढं व्हायचं.

एवढं गाव डोक्यावर घेणाऱ्या या गृहस्थानं घरात कधी पाण्याची घागर उचलली नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर सार्वजनिक नळ होता. आमच्याकडं त्याला चावी म्हणतात. एका उन्हाळ्यात ती चावी आटली आणि साडूंच्या बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, तालमीपलीकडच्या चावीवरनं चढावानं पाणी आणायची पाळी आली. अक्कांची कंबर आधीच गेलेली. वाटेत कुणाच्याही उंबऱ्यावर टेकायच्या, घाम पुसायच्या, परत उठायच्या. नवरा गॅलरीत भडंग खात पाणीप्रश्नावर ओरडतोय आणि बायको पाणी वाहतेय! एक दिवस त्या घागरीसकट पायरीवर कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, पुन्हा घागर उचललीत तर कायमचं अंथरूण धराल. मला वाटलं, आता तरी घागर उचलतील. छे! घागर माझ्या खांद्यावर आली आणि यांनी मोर्चा काढायचं ठरवलं.

मोर्चाला माणसं मिळेनात. लोक यांना पुरते ओळखून होते. तेव्हा हे गवळ्याकडं गेले. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. मालक फटफटीचा सायलेन्सर काढून पुढं निघतो आणि त्या आवाजामागं म्हशी जीव खाऊन पळतात. तशी सवयच लावलेली असते त्यांना. तहानलेल्या म्हशी नगरपालिकेच्या दारात नेऊन उभ्या करायच्या, असा साडूंचा बेत. पुढं गवळ्याची फटफटी, मागं म्हशी आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकत साडू. दारात पोचल्यावर गवळ्यानं फटफटी बंद केली, म्हशी थांबल्या आणि साडूंनी भाषण सुरू केलं. ते ऐकून पाणीखात्याचे साहेब मागच्या दारानं पसार व्हायला निघाले. साहेबांच्या फटफटीचा सायलेन्सर गावातल्याच कुठल्याशा खड्ड्यात कधीचा गळून पडला होता. त्यांनी किक मारली मात्र, साडूंना 'बंधुभगिनींनो'वर सोडून अख्खा मोर्चा साहेबांच्या मागं धावला. साहेब वेग वाढवतील तशा म्हशींना चेव चढला. कळंब्याच्या वाटेवरच्या बंगल्यात त्या साहेबांच्या पाठोपाठ शिरल्या, हौद तळापर्यंत प्यायल्या आणि बागेत फतकल मारून बसल्या. गवळी त्यांना न्यायला लवकर गेलाच नाही. हसून त्याची मुरकुंडी वळली होती. साहेबांच्या घरात त्या संध्याकाळी चूळ भरायला पाणी उरलं नाही. सकाळी आमच्या गल्लीत माणसं आली, त्यांनी पाइपमधला गाळ काढला आणि चावीला पाणी आलं.

हे आपल्या भाषणामुळं झालं, असं साडू मरेपर्यंत सांगत. पहिली घागर मात्र त्यांनी स्वतः भरली आणि अर्धी धोतरावर सांडत घरात नेली. अक्का बघतच राहिल्या.

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा चावी पुन्हा आटली. गल्लीतल्या बाया सवयीनं त्यांच्या दारात आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. अक्का उठल्या, त्यांनी खुंटीवरची छत्री काढली, भडंगाची पुडी बांधली.

"आज सभा हाय," मला म्हणाल्या. "मी जातो. कुणीतरी जायला नको व्हय?"

त्यांना एकट्यानं जिना चढवणार नव्हता, म्हणून मी बरोबर गेलो. साडूंना बाहेर काढणारा तो शिपाई आता म्हातारा झालाय. त्यानं आपल्या उपरण्यानं कोपऱ्यातलं बाक पुसलं आणि, काका हितंच बसायचे, एवढं बोलून बाजूला झाला. खाली एक सभासद बोलायला उठला. अक्का कठड्याला धरून उभ्या राहिल्या, पण जिन्यानं लागलेली धाप अजून ओसरली नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी उठलो आणि सगळा जोर लावून ओरडलो, "आवाज न्हाय!"