बायकोचा हँडओव्हर

आपल्याच राहत्या घराचा ताबा रोज सकाळी बायकोकडून सही करून घ्यावा लागणारा नवरा अख्ख्या वर्धा जिल्ह्यात मी एकटाच असेन. माझी बायको नर्स आहे. सावंगी मेघेला दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही राहतो. ती तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात जाते आणि मी मोटरसायकलनं आंजीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला. नर्स दवाखान्यात नर्स असते हे जगाला ठाऊक आहे. ती घरी आल्यावरही नर्सच राहते, हे भोगायला मात्र लग्न करावं लागतं. सकाळी मी तोंडाला दाढीचा साबण फासून उभा असलो की ती पर्स खांद्याला अडकवून आरशाच्या बाजूला येते आणि हँडओव्हर देते. म्हणजे एका पाळीची नर्स दुसऱ्या पाळीच्या नर्सला पेशंट सोपवते, तसं ती मला घर सोपवते. "मेट्रननं साडेसहाले अर्धी वाटी दूध घेतलं, एकदा ओकली, आता आराम हाये. बेड नंबर चारचं पान पिवळं पडून राह्यलं, त्याचं पाणी कमी करा. वरण दुसऱ्या कप्प्यात हाये. समजलं?" मी साबणातून "हो" म्हणतो. "काय समजलं ते सांगा." मग मला ते सगळं पोरांसारखं घोकून दाखवावं लागतं आणि फ्रीजवर लावलेल्या कागदावर सही करावी लागते. तोवर साबण वाळून गाल ओढायला लागतात.

मेट्रन ही आमची मांजर. हे नाव बायकोच्या दवाखान्यातल्या मैत्रिणींनी ठेवलं, कारण सगळ्या नर्सांवरच्या मुख्य बाईसारखी, म्हणजे मेट्रनसारखीच, तीही स्वतः काडीचं काम करत नाही आणि ती आली की सगळे उठून जागा देतात. बेड नंबर चार म्हणजे गच्चीतला गुलाब. कुंड्यांना नंबर आहेत आणि उन्हाळ्यात प्रत्येकीच्या डोक्यावर सलाइनची बाटली टांगलेली असते, मिनिटाला किती थेंब पडतात ते घड्याळ लावून ठरवलेलं असतं. घरमालकीण काकू पहिल्यांदा गच्चीवर आल्या तेव्हा पदर डोक्यावर घेऊन हळू आवाजात विचारत्या झाल्या, "कोणाले काय झालं व?" फ्रीजवरचा कागद हा मेट्रनचा चार्ट. त्यात तासातासाचे रकाने, आत किती गेलं, बाहेर किती आलं, बाहेर आलेलं कसं होतं. माझा पगार किती हे बायकोला चटकन आठवत नाही, पण गेल्या मंगळवारी मांजरीला शी किती वाजता झाली ते ती कागद न बघता सांगते.

हिच्यापुढे शिंकायची सोय नाही. आमचे मुख्याध्यापक एकदा चहाला आले आणि बिचारे दोनदा शिंकले. हिनं त्यांच्या हातातली चिवड्याची बशी काढून घेतली आणि "किती दिवसांपासून? खोकला सुका की ओला? ओला असन तर रंग कोणता?" अशी तपासणी सुरू केली. मुख्याध्यापकांनी तेव्हापासून आमच्या घरी चहा घेतलेला नाही, तब्येत मात्र सुधारली आहे. रविवारी तिच्या तीन मैत्रिणी येतात. त्या पाटोडीचा रस्सा वाटीत ओतत कोणाच्या जखमेत काय साचलं होतं ते इतक्या चवीनं बोलतात की माझा घास हातातच राहतो. वर त्यांनाच काळजी. "जिजाजी, तुम्ही काऊन जेवून नाई राह्यले? भूक कवापासून नाई?" आणि चौघीही माझ्याकडे टक लावून बघतात, जणू आता चार्ट माझाच लागणार.

असं सगळं चाललेलं असताना मार्चमध्ये तिच्या सरकारी नेमणुकीचा कागद आला. तीन वर्षं ती त्याच्या परीक्षा देत होती. नेमणूक गडचिरोलीकडच्या एका तालुक्याच्या दवाखान्यात, आणि पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं. माझी शाळा जिल्हा परिषदेची, ती काही माझ्या मागोमाग उचलून नेता येत नाही. म्हणजे ती तिकडे आणि मी इकडे. आनंदानं पेढे वाटायचे सोडून ही फ्रीजपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या हाती घर टाकून मी कशी जाऊ?" मला राग आला. मी चाळीस पोरं सांभाळतो, एक मांजर सांभाळता येणार नाही? ती म्हणाली, "बरं, पाहू. मी तीन दिवस तळेगावले आईकडे जाते. चार्ट भरजा. जमलं तं जाईन मी."

इथं माझ्या हातून जे झालं ते मास्तरच्याच हातून होऊ शकतं. आम्हा मास्तर लोकांना टाचण लिहावं लागतं, म्हणजे उद्या वर्गात काय शिकवणार ते आज लिहून ठेवायचं. मी तर रविवारी बसून अख्ख्या आठवड्याचं टाचण लिहून मोकळा होतो. आमच्या खात्यात यालाच शिस्त म्हणतात. त्या शिस्तीनं मी शुक्रवारी संध्याकाळी बसलो आणि शुक्रवार, शनिवार, रविवार असा तीन दिवसांचा मांजरीचा चार्ट सुवाच्य अक्षरात भरून टाकला. खरं वाटावं म्हणून शनिवारी दुपारी दूध थोडं कमी प्यायलेलं दाखवलं.

ती एक दिवस आधी, शनिवारी दुपारीच परतली. चप्पल काढायच्या आधी फ्रीजपाशी गेली. बराच वेळ वाचत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "उद्या संध्याकाळी पाच वाजता मेट्रनले शी झाली अन् ती व्यवस्थित होती. हे तुम्हाले आजच कसं समजलं?" मी टाचणाची पद्धत समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात काकू मांजरीला काखेत धरून दारात उभ्या राहिल्या. "हे घे व तुही मेट्रन. काल सकाळपासून माह्याकडंच पडून हाये. खिडकी लावून घेतली तुह्या मास्तरनं, बिचारी आत कुठून येईन?"

मला वाटलं आता माझी खैर नाही. पण ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पलंगावर बसून मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत ती बोलली. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिच्या वॉर्डात एक म्हातारी होती. सोबत कोणी नाही, मागणं काही नाही, म्हणून जाता येता सगळ्यांना वाटायचं की तिला पाणी दुसऱ्या कोणीतरी पाजलं असेल. "संध्याकाळी मी चार्ट पाह्यला तं सगळा कोरा. ओठ पार सुकून गेलते तिचे. मी चमच्यानं पाजलं तं ते माह्या हाताले धरूनच राह्यली. वाचली ते. पण तवापासून मले सवयच लागली. लिहिलं नाई म्हणजे कोणी पाह्यलंच नाई." मग मांजरीला मांडीवरून खाली ठेवत ती म्हणाली, "मी नाई जात गडचिरोलीले. राहू द्या."

खरं सांगतो, ते ऐकून मला आधी आनंदच झाला. आता ही कुठं जात नाही, म्हणून मी रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मग भांडी विसळताना लाज वाटली. तीन वर्षं पहाटे उठून अभ्यास केलेली बाई एका खिडकीपायी घरी बसणार होती, आणि ती खिडकी मी लावली होती. तिच्याशी वाद घालून कधी कोणी जिंकलेलं नाही. म्हणून मी फक्त चार्ट भरायला लागलो, खराखुरा. "सकाळी ७: दूध देणे विसरलो. ७.४०: आठवले, दिले. दुपारी शाळेत होतो, काय झाले माहीत नाही. संध्याकाळी ५: बेड नंबर दोनची बाटली रिकामी आढळली, चूक माझी." पाच दिवस मी असा स्वतःच्या अब्रूचा पंचनामा रोज फ्रीजवर डकवत होतो. ती यायची, वाचायची आणि स्वयंपाकाला लागायची. सहाव्या दिवशी शाळेतून आलो तर पलंगावर तिची बॅग उघडी होती आणि चार्टच्या खाली, पाळी सोपवणाऱ्या नर्सच्या जागी, तिनं सही केली होती.

तिला जाऊन आता चार महिने होतात. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा येते, आणि आली की आधी फ्रीजपाशी जाते. सकाळी माझ्या दाढीच्या वेळी आता मला कोणी काही विचारत नाही. साबण वाळायच्या आत दाढी होते आणि मला ते मुळीच आवडत नाही. रोज संध्याकाळी मी चार्टचा फोटो तिला पाठवतो. परवा पाठवला आणि लगेच तिचा फोन आला. मी कपाळाला हात लावला, म्हटलं आता मांजरीच्या दुधाचा हिशोब लागणार.

"मेट्रन साडेपाचपासून सातपर्यंत दारात बसून होती, असं लिहिलं तुम्ही," ती म्हणाली.

"होती बसून. तू यायच्या वेळेला बसते ती."

"अन् ती सातपर्यंत बसून होती, हे पाह्यलं कोणी?"

मी उंबऱ्याकडे बघितलं, मेट्रनच्या शेजारी माझा चहाचा रिकामा कप अजून तिथंच होता. तिकडून दवाखान्यातली कसलीशी घंटा ऐकू येत होती, कोणीतरी "सिस्टर, सिस्टर" म्हणून हाक मारत होतं.

"तेबी लिहत जा," ती म्हणाली, आणि पेशंटकडे गेली.