कारणाचा रकाना

मधुकर टेंबे कुणालाही ‘का’ असं विचारत नसत. ते मूळचे अकोल्याचे. तिकडे ‘काहून’ म्हटल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. काहून आला, काहून चालला, काहून जेवला नाहीस. त्यांची आई म्हणे दिवसातून शंभरदा हा शब्द वापरायची. त्यांनी मात्र तो तोंडातून काढूनच टाकला होता. समोरच्यानं काही सांगितलं की ते मान जराशी कलती करून ऐकायचे आणि म्हणायचे, ‘‘ठीक आहे.’’ तेवढंच.

मला नोकरी मिळाली ती त्यांच्या या सवयीमुळे. आम्हाला नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात येऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. काम करायचा परवाना हातात पडेपर्यंत माझ्या बायोडेटात आठ वर्षांचं भगदाड पडलं होतं. प्रत्येक इंटरव्ह्यूला तोच प्रश्न: इतकी वर्षं का थांबलात? मुलगी वाढवली, लोकांच्या वाढदिवसांना केक केले आणि दुपारी खिडकीशी बसून पार्किंग लॉट बघितला, हे इंग्रजीत नीट सांगता येत नाही. मराठीत तरी कुठे येतं?

एका डेंटिस्टच्या दवाखान्याला लागून टेंब्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. त्यांनी माझा बायोडेटा शांतपणे वाचला, खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘सोमवारपासून जमेल?’’

मी हो म्हणणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. ‘‘आधी आपण काय काम करतो ते ऐका. मग घरी जाऊन विचार करा. नाही म्हणायचं असलं तर कळवायचीसुद्धा गरज नाही. सोमवारी आला नाहीत की मी समजेन.’’

मग टेबलाकडे बघत त्यांनी सांगितलं की त्यांची कंपनी पॉर्नच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर बनवते. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. अठ्ठावन्न वर्षांचा, इस्त्रीचा फिकट शर्ट घातलेला, चष्म्याला दोरी लावलेला माणूस. मला क्षणभर वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

त्याआधी वीस-बावीस वर्षं ते एका औषध कंपनीत होते. नवीन औषधाची माणसांवर चाचणी घेतात, तेव्हा प्रत्येक रुग्णाची लेखी संमती घ्यावी लागते. त्या संमतीपत्रांची सिस्टिम टेंब्यांनी लिहिलेली. त्यातला एक नियम त्यांना पाठ होता: रुग्ण कधीही चाचणीतून बाहेर पडू शकतो आणि त्याला कारण द्यावं लागत नाही. एकदा अशीच एक बाई बाहेर पडत होती. फोनवर टेंबे तिला फॉर्म भरायला मदत करत होते. ती म्हणाली, ‘‘तुमच्या गोळ्यांमधून मी एका फोनवर सुटले. एकोणिसाव्या वर्षी मी चार व्हिडिओ केले होते. आज मी चौतीस वर्षांची आहे. ते काढा म्हणून मी कुणाला फोन करू?’’

‘‘मला उत्तर येत नव्हतं,’’ टेंबे मला म्हणाले. ‘‘दोन महिने शोधलं. उत्तर नव्हतंच. मग नोकरी सोडली.’’

त्यांनी बनवलेली गोष्ट सांगायला सोपी होती. व्हिडिओत दिसणाऱ्या प्रत्येक माणसानं आपलं खरं नाव, वय आणि होकार आमच्याकडे नोंदवायचा. आमच्याशी करार केलेल्या वेबसाइटनं त्या नोंदीशिवाय व्हिडिओ लावायचा नाही. आणि पुढे कधीही, उद्या किंवा वीस वर्षांनी, त्या माणसाला वाटलं की आता पुरे, तर एक बटण दाबायचं. व्हिडिओ त्या साइटवरून उतरायचा. बटणाच्या खाली कारण लिहायला रकाना नव्हता.

कंपनीचं पहिलं नाव त्यांनी मोठ्या हौसेनं ‘होकार’ ठेवलं होतं. पहिल्याच मीटिंगला समोरचा अमेरिकन माणूस ते नाव मोठ्यानं वाचून पोट धरून हसायला लागला. त्याच्या उच्चारात ते वेश्येला वापरायच्या ‘हूकर’ या इंग्रजी शब्दासारखं झालं होतं. टेंब्यांना ते कळायला अर्धं मिनिट लागलं. मग नाव बदलून औषधाच्या गोळीचं असावं तसं काहीतरी निरर्थक ठेवलं. ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे आणि दर वेळी नव्यानं लाजायचे.

मी सोमवारी गेले. ऑफिसात मी ज्याला घाबरत होते तसलं काहीच नव्हतं. एकही व्हिडिओ आमच्या पडद्यावर कधी उघडत नसे. टेंब्यांनी सिस्टिम तशीच लिहिली होती. ‘‘आपल्याला चित्र बघायचं नाही, कागद बघायचा,’’ ते म्हणायचे. मी लोकांच्या ड्रायव्हिंग लायसन्सवरची नावं आणि जन्मतारखा तपासायचे आणि आलेल्या ईमेलना उत्तरं द्यायचे. ईमेलमध्ये बायका काय काय लिहायच्या. कुणाचं बाळ शाळेत जायला लागलेलं, कुणाला नर्सिंगचं लायसन्स काढायचं होतं, कुणी चर्चला जायला लागलेली. कारण कुणी विचारलेलं नसतानाही त्या लिहायच्या. एकदा मी असं एक पत्र टेंब्यांना वाचून दाखवायला लागले, तर ते म्हणाले, ‘‘ते तुम्हाला लिहिलंय, मेधा. मला नको सांगू... सांगू नका.’’ मला ते कायम अहो-जाहो करायचे. तेवढ्या एका वेळी जीभ घसरली.

घरी नवऱ्याला सगळं माहीत होतं. बाहेर मात्र मी ‘हेल्थकेअर डेटा’त काम करते असं सांगायचे.

माझ्या दुसऱ्या वर्षी एक मोठी साइट आमच्याशी करार करायला तयार झाली. ती आली असती तर बाकीच्या आपोआप आल्या असत्या. त्यांची एकच अट होती: बटण दाबणाऱ्यानं कारण निवडलंच पाहिजे. सहा पर्यायांची यादीही त्यांनी पाठवली होती. व्हिडिओ कॉलवर त्यांची माणसं हसतमुख होती. ‘‘डेटा मिळेल, मधु. तुझ्याच कामाचा आहे.’’

टेंबे म्हणाले, ‘‘कारण मागितलं की माणूस ते पुरेसं आहे का हे तपासत बसतो. मग बटण दाबतच नाही.’’

‘‘फक्त एक क्लिक आहे.’’

‘‘तेच म्हणतोय.’’

तो करार गेला. कॉल संपल्यावर मी म्हटलं, ‘‘सर, ‘इतर’ असा एक सातवा पर्याय टाकून भागलं नसतं का?’’ त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘मेधा, माझी बायको शेवटच्या आजारात म्हणाली, आता औषध नको. मी तिला तीन आठवडे का, का म्हणून विचारत राहिलो. ती बिचारी उत्तरं देत राहिली. बोलण्याची ताकद होती तेवढी सगळी त्यातच गेली.’’ पुन्हा चष्मा लावून ते आपल्या खोलीत गेले. हा विषय त्यांनी त्यानंतर कधी काढला नाही.

मुलीबद्दलही एकदाच बोलले. ऋचा इकडेच जन्मलेली. व्हर्जिनियात हर्नडनला शाळेत शिकवते म्हणाले.

‘‘येते का इकडे?’’

‘‘नाही. पाच-सहा वर्षांत नाही.’’

‘‘का हो?’’ माझ्या तोंडून निघूनच गेलं.

‘‘विचारलं नाही,’’ ते म्हणाले.

आमच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या पाचही दिवसांचा माईक आणि स्पीकर वर्षानुवर्षं टेंबे सांभाळायचे. त्यांच्या धंद्याची बातमी फुटली तेव्हा कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललंही नाही. फक्त त्या वर्षी फोन आला की माईकचं या खेपेला दुसरी मंडळी बघतील. ‘‘ठीक आहे,’’ टेंबे म्हणाले. स्वतः सोल्डर करून दुरुस्त केलेल्या वायरी त्यांनी एका खोक्यात भरल्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावली आणि खोकं हॉलच्या दाराशी ठेवून आले. त्यानंतर ते मंडळात कधी दिसले नाहीत.

आणि मग ते झालं, जे सांगायला मला अजून जड जातं. एका शनिवारी मी इंडियन ग्रोसरीत मंडळाच्या एका काकूंबरोबर उभी होते. समोरून टेंबे आले. हातात टोपली, टोपलीत कढीपत्ता. मला बघून ते हसले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी भेंड्यांवर वाकले आणि एकेक भेंडी मोडून बघायला लागले. त्यांची पावलं माझ्या मागून निघून जाईपर्यंत मी मान वर केली नाही.

सोमवारी ते नेहमीसारखेच ‘‘गुड मॉर्निंग, मेधा’’ म्हणाले. मी वाट बघत होते. एक शब्द बोलले असते तर मी रडून माफी मागितली असती. पुढे मला कळलं की त्या दिवसापासून ते किराणा आणायला पंचवीस मैलांवरच्या दुसऱ्या गावात जातात. मला पुन्हा भेंड्या मोडाव्या लागू नयेत, म्हणून.

सहा महिन्यांनी मी नोकरी सोडली. मुलीच्या मराठी शाळेत शिकवायला मला बोलावलं होतं आणि फॉर्मवर नोकरीचं नाव लिहायचं होतं. एका बँकेत जागा मिळाली. टेंब्यांना सांगायला मी चांगलं घोटलेलं कारण घेऊन गेले होते: बँक घराजवळ आहे, इन्शुरन्स चांगला आहे. मी म्हटलं, ‘‘सर, मी सोडतेय.’’ त्यांनी मान कलती केली.

‘‘ठीक आहे. किल्ली शुक्रवारी दिलीत तरी चालेल.’’

शुक्रवारी त्यांनी शिफारसपत्राच्या तीन प्रती आणि एक फाउंटन पेन दिलं. मी गाडीत जाऊन बसले आणि बराच वेळ गाडी सुरू करू शकले नाही. माझं खोटं कारण त्यांनी ऐकूनही घेतलं नाही, म्हणून रडू येत होतं. त्यांनी विचारलं असतं तर कदाचित खरं सांगितलं असतं. कदाचित राहिलेही असते. वाटलं, आत जावं आणि सांगावं. गेले नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. ‘‘मेधा मावशी? धिस इज ऋचा. टेंबे.’’ बाबा ऑफिसातच खुर्चीत गेले होते. हार्ट अटॅक. शेजारच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला दुसऱ्या दिवशी कळलं. पोलिसांनी ऋचाला शोधून कळवलं, आणि तिला माझा नंबर ऑफिसच्या भाडेकरारावर सापडला; इमर्जन्सीत कळवायची व्यक्ती म्हणून तिथे माझं नाव होतं. नोकरी सोडून दोन वर्षं झाली तरी त्यांनी ते बदललं नव्हतं. तिथे लिहायला दुसरं नाव नसावं.

फ्युनरल होममध्ये आम्ही बारा-तेरा माणसं होतो. मंडळातून दोघं आले, मागे बसले. पुढच्या रांगेत चार बायका होत्या, ज्यांना आमच्यापैकी कुणीच ओळखत नव्हतं. ऑनलाइन निधनवार्ता वाचून एक ओहायोहून गाडी चालवत आली होती, एक विमानानं नेवाडाहून. त्यांनी मला आपली नावं सांगितली तेव्हा मी दचकले. ही नावं मी लायसन्सवर वाचली होती. टेंब्यांना त्यांच्यापैकी कुणीही प्रत्यक्ष भेटलेलं नव्हतं.

त्यातली वयानं मोठी बाई बोलायला उभी राहिली. ‘‘मी बटण दाबलं, परत घेतलं, पुन्हा दाबलं. तीनदा. तिसऱ्यांदा मी फोन करून सॉरी म्हणाले. तो म्हणाला, इट्स ओके, हे बटण त्यासाठीच आहे. आयुष्यात मला सगळ्यांनी व्हाय विचारलं. या एका माणसानं नाही विचारलं.’’

माझ्या शेजारी ऋचा ताठ बसली होती. ती हळूच म्हणाली, ‘‘ही डिडन्ट आस्क मी आयदर.’’

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्या गाडीत येऊन बसली. तिच्या शाळेतल्या कुणीतरी बाबांची कंपनी शोधून काढली, म्हणून तिनं त्यांना लिहिलं होतं की काही दिवस फोन करू नका. बाबांचं उत्तर आलं होतं: ठीक आहे. ‘‘मला वाटलं, ही डझन्ट केअर. मी वेट करत होते, मावशी. तो विचारेल, मग मी शाउट करेन, मग आम्ही ठीक होऊ. आठ वर्षं.’’ मी तिला आईच्या शेवटच्या तीन आठवड्यांचं सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं.

कंपनी आता त्या चार बायका आणि त्यांच्यासारख्या आणखी काही जणी मिळून चालवतात. ऋचानं ती त्यांच्याच हाती दिली. ते नंतरचं. त्या दुपारी ती काहीच ठरवायच्या मनःस्थितीत नव्हती. नाक पुसून तिनं एवढंच विचारलं, ‘‘तो लंचला काय खायचा?’’

‘‘पोळी. स्वतः करायचे. जाड. आणि दह्यात कालवलेली लसणाची चटणी.’’

‘‘कोणाबरोबर?’’

मला खोटं बोलता आलं असतं. ‘‘एकटेच,’’ मी म्हटलं. ‘‘खोलीचं दार उघडं ठेवून. मी बाहेर माझ्या टेबलाशी खायचे. मध्ये भिंत होती. अडीच वर्षं आम्ही तसेच जेवलो.’’

तिनं मान हलवली. ‘‘पोळी बर्न करायचा?’’

‘‘कडेला. रोज.’’

ती हसली, आणि हसता हसता तिनं तोंडावर दोन्ही हात घेतले. बाकीच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. ओहायोच्या बाईनं जाताना आम्हाला हात केला.

‘‘आणखी सांग,’’ ऋचा म्हणाली.