टोचणीची भिंत

टोचणीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. हौस म्हणून नाही. त्या घरात तेवढाच वेळ शांत असे. सहाला तिची वहिनी उठून भांडी आपटायला लागली की कानाचं काम संपलं.

आणि काम कानाचंच होतं. हाताने फिरवायची एक छोटी संगीतपेटी असते, मुठीत मावेल एवढी. तिच्यात जाड कागदाची लांब पट्टी सरकवायची आणि दांडी फिरवायची. पट्टीला जिथे भोक असेल तिथे आतला दात सुटतो आणि पोलादाची पात वाजते. ठरावीक गाण्यांच्या पट्ट्या विकत मिळतात. कोणाला आपलं वेगळं गाणं हवं असेल तर ते भोकं टोचून ही करून द्यायची, म्हणून गल्लीने नाव टोचणी ठेवलेलं. गिऱ्हाईक गुणगुणून दाखवे. ती पेन्सिलीने ठिपके मांडी आणि हातातल्या चिमट्याने एकेक भोक पाडी. एक भोक चुकलं की अख्खी पट्टी फेकून देई. चिकटपट्टीने भोक बुजवता येतं, पण ते पेटीत अडकतं. तिने कधी बुजवलं नाही. अंगठ्याला घट्टा पडला होता, माझ्या तळहाताला थापीचा आहे तसा.

बाई मला आवडत नसे. जिभेला हाड नव्हतं. मी त्याच गल्लीतला गवंडी. माझ्या घराची पायरी तिरकी आहे असं तिने मला चारचौघांत ऐकवलं होतं. तिरकी नव्हती, पाणी निघून जावं म्हणून उतार दिला होता. पण तिचं काम चोख, आणि फुकटचं तिने कधी घेतलं नाही. म्हणून लिहितोय.

घर वडिलांनी दोघा भावंडांच्या नावे केलेलं. मोठी खोली एकच, मध्ये पडदा. एका बाजूला भाऊ, वहिनी, पोरं. दुसऱ्या बाजूला ही, एक खाट आणि टेबल. लग्न तिने केलं नाही. भावाचं खेळण्यांचं दुकान. पेट्या तो विकायचा, पट्ट्या ही करायची. तिला एकच गोष्ट हवी होती. पडद्याच्या जागी भिंत. भाऊ म्हणायचा, "घराचे तुकडे करायला मी अजून मेलो नाही."

वहिनीचं गाऱ्हाणं पहाटेच्या खटखटीचं. "माणसं झोपतात या घरात. आम्ही सुतारपक्षी पाळलाय."

पडद्याआडून उत्तर यायचं, "सुतारपक्षी स्वतःचं खातो, वहिनी."

मग ते पट्टीचं प्रकरण झालं. एका बाईने आपल्या आईसाठी गाणं करायला दिलं होतं. आई शिवणयंत्रावर बसून म्हणायची ते. भावाने दुकानात पट्टी घालून वाजवून दाखवली आणि भलतंच वाजलं. बाई तणतणत निघून गेली. तो जेवायच्या वेळी घरी आला आणि पट्टी बहिणीच्या ताटात फेकली. पुढचं भांडण खिडकीतून अख्ख्या गल्लीने ऐकलं.

"हे गाणं आहे की मांजरांची मारामारी?"

तिने पट्टी पुसली. "पालथी घातलीस," म्हणाली. पट्टी पालथी गेली की उंच सूर खाली उतरतात, खालचे वर चढतात. तिने सुलट घालून दांडी फिरवली. गाणं सरळ वाजलं, बायकापोरांसमोर वाजलं. वहिनी फिसकन हसली. ते त्याला जास्त लागलं.

"उद्यापासून माझ्या घरात ही खटखट बंद!"

"तुझं घर? अर्धं, दादा."

"मग घे की तुझं अर्धं वेगळं करून. बघू दे, भोकं विकून भिंत कशी उभी राहते."

"राहील."

त्यानंतर तिने त्याला दादा म्हटलं नाही. दुकानदार म्हणायची. प्रत्येक पट्टीचा एक कोपरा कापायला लागली, पट्टी कशी घालायची ते दिसावं म्हणून. गिऱ्हाइकाने विचारलं की सांगे, "हा आमच्या दुकानदारासाठी."

दुकानातून तिला येणारं काम बंद झालं. लोक शोधत घरी येऊ लागले. पण दार एकच, आणि दारात वहिनी. एका म्हाताऱ्याला तिने सरळ सांगितलं, "ती? ती वारली." तो मला गल्लीच्या तोंडाशी भेटला, डोळे पुसत. मी त्याला परत नेलं आणि खिडकीतून हाक मारली, "ओ ताई, तुम्हाला भेटायला आलेत. मयताला."

"थांबा म्हणावं. एवढी ओळ पाडून येते."

तेव्हापासून भिंतीच्या जोडीला वेगळं दारही हवं झालं. त्यासाठी पैसा साठवत तिने चपला तारेने शिवून वापरल्या. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली. नजर अधू झाली तशी भिंग लावून ठिपके मांडले. गल्ली हसायची. मीही हसलो असेन.

आणि एक दिवस माझ्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"गवंडी, हातात जोर उरलाय का?"

"तुमच्या जिभेएवढा नाही."

"भिंत नऊ इंची हवी. साडेचार इंचीतून आवाज जातो."

"खोली बोळ होईल."

"माझी होईल. तुम्हाला काय?"

भिंत आखायला दोरी लावायला गेलो तर भाऊ टेप घेऊन उभा. "भिंत तिला हवीय. माझ्याकडून सूतभर जागा घ्यायची नाही."

मी म्हटलं, "मधली भिंत दोघांची. जाडी अर्धी अर्धी."

"सगळी माझ्याकडे घ्या," टोचणी म्हणाली. "त्याचं मला काही नको."

भावाने टेप गुंडाळला. भांडायला आला होता आणि भांडायला काही उरलं नव्हतं.

विटा तिने स्वतः भिजवल्या, स्वतः आत आणल्या. प्रत्येक थराला मी ओळंबा पाहिला की ती पुन्हा पाहायची. माझं डोकं फिरलं. "ताई, मी तुमची भोकं तपासायला येतो का?"

"या की. चूक सापडायची नाही."

छताशी शेवटचा थर राहिला तेव्हा पलीकडून भावाचा आवाज आला, "हवेला थोडी जागा ठेवा हो." मी खाली पाहिलं. तिने वीट वर दिली. मी ती बसवली.

गल्लीच्या बाजूला तिचं दारही बसवलं. गिलावा वाळल्यावर तिने पेटी हातात घेतली आणि मला पलीकडे ऐकायला पाठवलं. वहिनी हातात पळी घेऊन उभी होती. मी भिंतीला कान लावला. माझ्याकडे न बघता वहिनीनेही लावला. काहीच नाही.

"मेलीने वाजवलं तरी काय?"

"मला काय माहीत. ऐकू कुठे आलं?"

मी निघालो तरी वहिनी भिंतीपाशीच होती.

"येत नाही," मी येऊन सांगितलं. टोचणीने मजुरी हातावर ठेवली. आभार मानले नाहीत. कामात खोट काढली नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

खोली इतकी अरुंद झाली की वाजवून बघताना पट्टी टेबलावरून सरकत नव्या दारातून बाहेर पायरीवर उतरते. येणारा-जाणारा पाय उचलून जातो, नाहीतर शिव्या खातो. आता ती सातला उठते. आयुष्यभराच्या मजुरीतून तिने एवढंच घेतलं. एक दार, आणि एक नऊ इंची भिंत, सगळीच्या सगळी तिच्याच जागेत.