कंपनीचा दहावा

रेवदंड्याच्या ज्या मेस्त्रीकडे मी गाडी नेतो, तो मॉडेल विचारत नाही, घराणं विचारतो. माझी गाडी एका जपानी कंपनीची, स्वस्तातली. बॉनेटवर हात ठेवून, सोयरीक जमवायला बसल्यासारखा तो सांगायचा, "घरानं मोठं हाय, सर. एके काळी परदेशात नाव होतं. मग कंपनी बंद पडली. तिचे दिवस कोनी केले न्हाय. म्हणून तर परत जन्माला आली, आन् लोकांनी डबा म्हणून हिणवली."

ती दुसऱ्यांदा बंद झाल्याचं पेपरात आलं, तेव्हा दहाव्या दिवशी त्याने मला खाडीवर बोलावलं. पिंड मांडलेला, शेजारी नवा ऑइल फिल्टर. कावळे माडावर होते, पण खाली येईनात.

"सगळ्या गाड्यांची सर्व्हिसिंग करीन," तो हात जोडून म्हणाला. कावळे ढिम्म.

"पार्ट मुंबईहून आणीन." एका कावळ्याने तोंड फिरवलं.

मग मेस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमच्या मनात काय हाय?"

मी गाडी विकायला काढली होती. संध्याकाळी थळचा एक जण बघायला येणार होता. हे मी घरीसुद्धा बोललो नव्हतो.

"विकणार नाही," मी पुटपुटलो. कावळा लगेच शिवला.

काल गाडी पुलावर बंद पडली. मेस्त्री आला, पण बॉनेटला त्याने हातही लावला नाही. माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "परत कोनाला दाखवलीत?"

दाखवली होती.