ऐनाच्या ढलपीची बाहुली

जव्हारहून डोंगरातल्या पोशेऱ्याला आमची बदली झाली तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. नवरा संस्थानच्या शाळेत मास्तर. शाळा म्हणजे कुडाची एक खोली. पोरं यायची ती शेतात काम नसेल तेव्हा. मला दिवसभर उद्योग नव्हता, आणि रिकाम्या माणसाला दुसऱ्याचं भलं करायची हुक्की फार येते.

शेजारच्या घरात एक पोर होती. पाचेक वर्षांची. चालायला तिसऱ्या वर्षी लागली, बोलणं नाहीच. अंगणात बसून एखादी काटकी हातात गरगर फिरवत राहायची. हाक मारली तरी मान वळवायची नाही. आई आदल्या पावसाळ्यात तापाने गेली होती. बाप ठेकेदाराकडे लाकूडतोडीला जाई. घर चालवायची ती पोरीची आजी. गावात सगळे तिला डोशी, म्हणजे म्हातारी, म्हणत, म्हणून मीही डोशीच म्हणू लागले.

डोशीनेच मला सांगितलं की मुलासाठी दुसरी बायको बघितली आहे, पण तिच्या माणसांनी पोर बघून नाक मुरडलं. ही येडी घरात नको, तिला आजोळी पाठवा, मगच पुढचं बोलू, असा त्यांचा निरोप होता. आजोळ म्हणजे वांगणी. तिथे एक आंधळा म्हातारा सोडून कोणी उरलं नव्हतं. त्याचंच पोट शेजारी भरत होते. तिकडे पोर पाठवायची म्हणजे काय, ते डोशीलाही कळत होतं आणि मलाही.

"बाय, तू शिकलेली," ती म्हणाली. "हिला थोडां शानां कर. भात कापून झाला की पाहुणे परत यायचे." संस्थानच्या राजालाही गावातली माणसं 'तू'च म्हणत, तिथे मास्तरणीची काय कथा.

मी हो म्हटलं, कारण मला एक माहीत होतं. माझा धाकटा भाऊ असाच होता. जव्हारच्या घरी आईने त्याला भातुकलीतून माणसांत आणला होता. ती म्हणायची, ज्याला खोटं जेवता येतं त्याला खरं जग कळायला लागतं. मी ते बघत मोठी झाले होते. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. शाळेत शहाणी येत नाहीत म्हणून तू वेडी गोळा करतेस का, असं म्हणाला.

आधी खरी भाकर घेतली. नागलीचा तुकडा तिच्या हातात द्यायचा, तो हात धरून माझ्या तोंडाशी आणायचा, आणि मी मोठ्याने मचमच करून खायचं. पंधरा दिवस ती माझ्याकडे न बघता तुकडा टाकून द्यायची. मग एकदा स्वतःहून हात पुढे आला. मग भाकरीच्या जागी सागाच्या पानाचा तुकडा. तो तिने खाल्ला. मग मातीची भाकर. तीही खाल्ली. पुन्हा खाल्ली. मी तोंडातून माती काढायची, ती ओरडायची, बोट चावायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते कसं असतं, ते मी तेव्हा बघितलं. एकदा मी तिला चिमटा काढला, चांगला करकचून. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

भरवायला कोणी तरी हवं म्हणून बाहुली करायची ठरवली. माझ्या सरपणात ऐनाच्या लाकडाची एक ढलपी होती. वरच्या टोकाला दोन गाठी, अगदी डोळ्यांसारख्या. तिला गुंडाळायला डोशीकडे चिंधी मागितली. तिने आतून लुगड्याचा फाटका पदर आणून दिला. कोणाचं लुगडं, ते मी विचारलं नाही. तिनेही काही विचारलं नाही.

आणि इथेच मी चुकले. त्या डोंगरात माणूस गेलं की काही काळाने त्याला लाकडात देव म्हणून बसवतात. मात्र मेलेल्याने आधी घरातल्या कोणाला ओळख द्यावी लागते, आपण परत आल्याची काही खूण. तोवर सगळे वाट बघतात. मी लाकूड घेतलं, त्याला डोळे शोधले, त्यावर मेलेल्या बाईचं लुगडं गुंडाळलं आणि तिच्या लेकीच्या मांडीवर ठेवलं. गावातल्या शेंबड्या पोरानेही असं केलं नसतं. मला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावं असंही वाटलं नव्हतं.

पोर आधी ढलपी गरगर फिरवायची. मग कधी तरी ती मांडीवर आडवी ठेवू लागली. तिला थोपटू लागली. मला इतका आनंद झाला की मी घरी येऊन रडले.

पाहुणे आले ते दुपारचे. नवरीचा बाप आणि आत्या. ओटीवर बसले, डोशीने पाणी दिलं. पोर अंगणात होती. मी कुडाआडून बघत होते. तिने माती थापली, पानावर ठेवली, पान तीन दगडांवर ठेवलं. थोडी थांबली. मग तुकडा मोडला, आणि त्यावर फुंकर घातली. फुंकर मी शिकवली नव्हती. चिखल गरम आहे, ढलपीचं तोंड पोळेल, हे त्या पोरीने आपलं आपण शोधलं होतं. तुकडा लाकडाशी नेऊन ती म्हणाली, "खा." तिचा पहिला शब्द.

मी बाहेर धावत आले. पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. डोशी खाली वाकली होती, कपाळ मातीला लागलं होतं. आत्या हात जोडून उभी होती.

"आली," डोशी म्हणाली. "लेकीच्या हातचां खाल्लां तिनं."

नवरीचा बाप ओटीवरून खाली उतरला. मग म्हणाला की जिच्या हातचं मेलेली आई खाते ती पोर घराबाहेर काढायची नाही. लग्न ठरलं. पोर राहणार होती.

मला सांगायचं होतं की ही माझ्या चुलीतली ढलपी आहे, हा खेळ आहे, आणि देवापेक्षा मोठी गोष्ट या पोरीने आत्ता केली. मी तोंड उघडलंही होतं. मग वांगणीचा म्हातारा डोळ्यांपुढे आला आणि मी गप्प बसले. लोक गणपती करायला जातात आणि मारुती होतो. माझ्या हातून बाहुली करता करता देव झाला, आणि मी हात जोडले. सगळ्यांबरोबर.

भगत आला, त्याने ढलपीला चेहरा कोरला, शेंदूर लावला, आणि ती भाताच्या कणगीजवळ फळीवर बसली. पोर ढलपीसाठी हात वर करून उभी राहायची. घरातले तिचा हात खाली करायचे, मग झटकायचे, मग त्यावर मारायचे. मी दुसरी ढलपी नेली, माझं चांगलं पातळ फाडून तिला नेसवली. पोरीने ती घेतलीच नाही. नवी सून वाईट नव्हती, कामाने पिचलेली होती. एक दिवस पोर मातीची भाकर घेऊन फळीखाली उभी राहिली, फुंकर घालत. सुनेने थोबाडीत मारली. "आयला माती चारतंस?"

त्या दिवशी मी डोशीला खरं सांगितलं. ते लाकूड, ती चिंधी, सगळं. ती भात पाखडत होती, सूप थांबलं नाही.

"सगळीच लाकडां रानातली, बाय," ती म्हणाली. "तुझ्या देवाचा दगड कठला? पोर घरात रवली ना? तूच तर त्यासाठी खपलीस."

 

दोन वर्षांनी आमची बदली परत जव्हारला झाली. पोर तोवर पाणी आणायला, शेण गोळा करायला लागली होती. दहा-बारा शब्द बोलायची. निघायच्या दिवशी मी तिच्या अंगणात बसले, माती थापली, सागाच्या पानावर ठेवली आणि म्हटलं, चल, मला भरव. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पान उचललं, माती झटकली, पान अंगावरच्या फडक्याला पुसून माझ्या हातात दिलं.

"खायाचां नाय. माती हाय ती," ती म्हणाली.

एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. डोशी ओटीवर होती. ती कौतुकाने म्हणाली, "बघ बाय, कशी शानी झाली."