पानात आधी मीठ

अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडे राहायला आले तेव्हा फ्रान्सच्या राजाशी माझा कधी संबंध येईल, असं काही वाटलं नव्हतं. मी शिकले सातवीपर्यंत, पुढचं सगळं हाताला लागेल ते वाचून. पण गेल्या वर्षी नातीची राज्यक्रांतीवरची परीक्षा आली, आणि तिचं पाठ झालेलं ऐकून घ्यायला घरात मोकळी मीच.

"आजी, देअर वेअर थ्री इस्टेट्स," ती म्हणाली.

"मराठीत सांग."

"प्रीस्ट्स. मग... लॉर्ड्स."

"जहागीरदार म्हण."

"व्हॉटेव्हर. अँड देन एव्हरीबडी एल्स. टॅक्स फक्त दे पेड."

मी मेथी निवडत होते, ती तशीच राहिली. पोरीला खोदून खोदून विचारलं, मग लायब्ररीतून पुस्तकही आणवलं. लढाया करून करून राजाची तिजोरी रिकामी झालेली. त्यातली एक लढाई तर या अमेरिकेच्या स्वातंत्र्याची, बरं का! मदत राजानं केली, तीही कर्ज काढून, आणि फेडायचं कुणी? तर ज्याच्या घरात पीठ नाही त्यानं. मिठावरसुद्धा कर, आणि कुठे कुठे तर मीठ सक्तीनं विकत घ्यायचं. जहागीरदारांना त्यातून सूट. प्रधान येऊन सांगायचे, महाराज, आता यांनाही थोडं भरू द्या. की प्रधानच घरी! शेवटी सभा बोलावली, तर प्रत्येक गटाला मिळून एकच मत, म्हणजे मतं तीनच. वरचे दोघे एक झाले की खालच्यांनी कितीही ओरडावं. मग ते खालचे म्हणाले, आम्हाला वेगळं बसवू नका. एका दालनात बसू आणि डोकी मोजू.

हे वाचलं आणि मला आमचं इथलं मराठी मंडळ आठवलं. हसू नका, सांगते.

आमच्या गणपतीला 'पेट्रन' म्हणजे जुनी, मोठी देणगी दिलेली मंडळी. त्यांना तिकीट नाही, पुढच्या खुर्च्या त्यांच्या, जेवणाची रांगही वेगळी आणि आधी. आदल्या वर्षी त्यांच्यासाठी हॉटेलात गाण्याची मैफल झाली, तिच्यात मंडळ बुडालं. भरून कसं काढायचं? बाकीच्यांचं तिकीट वाढवून. आणि पुरणपोळ्या आम्ही बायकांनी घरून करून द्यायच्या, वर तिकीट काढून त्याच खायच्या.

आमच्या दोन घरं पलीकडे नागपूरची एक मुलगी राहते. राहायची. पोळीवर तिचा हात असा हलका, की पुरण कडेपर्यंत जातं. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती आणि व्हिसाची मुदत डोक्यावर; त्याआधी दुसरी लागली नाही तर देश सोडायचा. माझ्या ओट्याशी लाटता लाटता ती म्हणाली, "काकू, पोळ्या नेऊन द्या हं तुम्ही. आम्ही यंदा येत नाही. चौघांचं तिकीट नाही परवडत."

मी लाटणं खाली ठेवलं. "डबे उतरवायला तरी ये," म्हटलं.

शाळेच्या हॉलमध्ये आरती झाली. तिनं डबे ठेवले आणि मुलांचे हात धरून दाराकडे वळली. लहानगं मागे वळून डब्यांकडे बघत होतं. बास. मी टेबलावर अंथरायच्या कागदाची गुंडाळी उचलली आणि जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत सोडली. कडेनं पत्रावळी मांडल्या.

"बस," तिला म्हटलं.

"काकू, लोक बघतात."

"बघू देत. बस."

आणि तिच्या पानात डाव्या हाताला मीठ वाढलं. पंगतीत आधी मीठच वाढतात, मग लिंबू, मग चटणी. मीठ पडलं की त्या माणसाला उठवत नाहीत.

मंडळाचे अध्यक्ष धावत आले. "मावशी, हे काय? बफे आहे आपला!"

"चालू दे की तुमचा बफे. पोळी मात्र या पंगतीत मिळेल."

"अहो, पेट्रन लोकांचं काय?"

"पाय आहेत त्यांना. मांडी घालता येते."

"हिचं तिकीट कुठंय?"

"तुमच्यासमोरच्या डब्यात. निम्म्या पोळ्या तिनं लाटल्यात."

"मावशी, नियम असतो काही!"

"फ्रान्सचा राजाही हेच म्हणत होता," मी म्हटलं, आणि पुढच्या पानात मीठ वाढलं. कारण तोवर पुढचं पान होतं, त्याच्या पुढचंही. नवी बिऱ्हाडं येऊन बसत होती. दोन पेट्रन कुटुंबं तणतणत निघून गेली. एक म्हातारे डॉक्टर, तेही पेट्रनच, काठी टेकत आले. "मला गुडघ्यांमुळे खुर्ची लागेल, पण रांग हीच," म्हणाले. त्यांच्याही पानात आधी मीठ.

ती मुलगी मान खाली घालून जेवली. लहानग्यानं दुसरी पोळी मागितली, ती तूप सोडून वाढली.

गाडीत मुलगा धुमसत होता. "आई, काय गरज होती? उद्या तोंड मला दाखवायचंय."

"आजी डिड अ रेव्होल्यूशन!" मागून नात.

"गप गं. डोकं नाही उडवलं कुणाचं."

यंदा पोळ्यांसाठी मला मंडळाचा फोन आला नाही. न येवो. पोळपाट माझा आहे, आणि माफी काही मागायची नाही.

त्या मुलीच्या नवऱ्याला मुदत संपता संपता दूर दुसऱ्या राज्यात, चँडलरला नोकरी लागली. परवा तिचाच फोन होता. "काकू, इथल्या गणपतीतही दोन रांगा आहेत हो."

मी विचारलं, "घरात कागदाची गुंडाळी आहे?"

"आणलीय," म्हणाली.